सर्व्हरचा कन्सोल दुरून उघडताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सगळे सर्व्हर आम्ही एसएसएचनेच (नेटवर्कवरून कमांड देण्याची सोय) सांभाळतो. मग आयड्रॅक, आयएलओ हवंच कशाला?

एसएसएच चालायला ऑपरेटिंग सिस्टीम उठलेली हवी, नेटवर्क हवं, फायरवॉलचा नियमही बरोबर हवा. यातलं एक चुकलं की तुम्ही बाहेर. आयड्रॅक (डेल) आणि आयएलओ (एचपीई) ही बीएमसीची, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलरची, कंपनीगणिक नावं. बीएमसी हा मदरबोर्डवरचा स्वतंत्र छोटा संगणक असतो आणि तो स्टँडबाय विजेवर चालतो, त्यामुळे सर्व्हर बंद असला तरी तो जागा असतो. सर्व्हरचा पडदा आणि कीबोर्ड, म्हणजे कन्सोल, त्याच्यातून दुरून वापरता येतो. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. तेव्हा रिमोट डेस्कटॉपचा काही उपयोग नव्हता. बीएमसीचा कन्सोल चालू असलेल्या सर्व्हरवर बसल्या जागेवरून सेफ मोडमध्ये जाऊन अपडेटची ती सदोष फाइल काढता येत होती.

प्रश्न: बीएमसीला पब्लिक आयपी दिलाय, पण पासवर्ड चांगला मोठा आहे. चालेल ना?

नाही. आजच काढा.

बीएमसीशी दुरून बोलण्याचं आयपीएमआय 2.0 हे मानक 2004 चं. त्यात लॉगिन होताना, समोरचा माणूस कोण हे ठरण्याआधीच, बीएमसी पासवर्डपासून बनवलेला हॅश (सांकेतिक ठसा) त्याच्या हाती देते. युजरनेम ठाऊक असलं की पुरे. मग तो हॅश आपल्या मशीनवर निवांत फोडत, म्हणजे त्यावरून पासवर्ड शोधत, बसता येतं, आणि पासवर्ड 20 बाइट्सपेक्षा लांब ठेवायची सोयही नाही. दोष मानकातच असल्यामुळे पॅचने तो जात नाही.

त्यातून पासवर्डचा संबंधच येत नाही असे दोषही निघाले आहेत. 2017 मध्ये उघड झालेल्या आयएलओ 4 च्या दोषात वेब विनंतीच्या एका हेडरमध्ये 29 वेळा ‘ए’ लिहिला की लॉगिनच टळत असे. मार्च 2025 मध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमध्ये लॉगिन टाळण्याचा असाच दोष जाहीर झाला, गंभीरता 10 पैकी 10. शिवाय बीएमसी एकदा दुसऱ्याच्या ताब्यात गेली, की डिस्क पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली तरी तो घुसखोर बीएमसीत तसाच राहू शकतो. मला सगळ्यात जास्त धास्ती याची वाटते.

बीएमसीसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवरचं अलग नेटवर्क) करा आणि तिथे फक्त व्हीपीएनमधून जा. रेडफिश या नव्या, वेबवर चालणाऱ्या मानकावर काम भागत असेल तर ‘आयपीएमआय ओव्हर लॅन’ बंदच करा, म्हणजे यूडीपी 623 पोर्ट उघडा राहणार नाही.

प्रश्न: आमच्या सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टला (बीएमसीचा वेगळा नेटवर्क पोर्ट) केबलच लावलेली नाही. मग काळजी नाही ना?

आहे. सुपरमायक्रो कंपनीच्या बऱ्याच बोर्डांवर मूळ सेटिंग ‘फेलओव्हर’ असतं. मॅनेजमेंट पोर्टवर लिंक मिळाली नाही, तर बीएमसी पहिल्या लॅन पोर्टवरून गुपचूप डीएचसीपीने (आपोआप मिळणारा) आयपी पत्ता घेते, आणि जुन्या बोर्डांवर युजरनेम-पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’. बीएमसीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन ते ‘डेडिकेटेड’ करा.

प्रश्न: व्हीपीएन ज्या फायरवॉलवर आहे तोच बंद पडला तर?

अगदी बरोबर प्रश्न. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुकचं जाळं सुमारे सहा तास कोसळलं, तेव्हा नेहमीच्या वाटेसोबत त्यांची पर्यायी वाटही बंद होती. शेवटी अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. म्हणून दुसऱ्या कंपनीची लाइन घ्या. छोट्या ऑफिसला 4जी राउटर पुरतो, मात्र मोबाइल सिमला बहुधा स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही. त्यामुळे टनेल, म्हणजे सुरक्षित जोडणी, राउटरने आतून बाहेर उघडायला हवा. त्या वाटेचं लॉगिन डोमेन कंट्रोलरवर (ऑफिसची सगळी लॉगिन तपासणारा सर्व्हर) अवलंबून ठेवू नका. तो नेमका त्याच फायरवॉलच्या आत असेल. आणि महिन्यातून एकदा मुख्य लाइन खरोखर काढून ही वाट चालते का ते पाहा.

प्रश्न: सिरियल कन्सोलवर (सिरियल पोर्टमधून येणारा फक्त अक्षरांचा कन्सोल) बायोस दिसतो, पण लिनक्स सुरू झालं की अक्षरं थांबतात.

कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सिरियल पोर्ट सांगितलेला नाही. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नलच्या ओळीत कन्सोल म्हणून तो पोर्ट आणि वेग लिहा. हा वेग बायोसमधल्या वेगाशी जुळला पाहिजे. बहुतेक ठिकाणी 115200 असतो. दोन कन्सोल लिहिले तर शेवटी लिहिलेला मुख्य ठरतो, म्हणून सिरियल शेवटी ठेवा. हा कन्सोल आयपीएमआयटूल या कमांडने उघडला असेल, तर त्या सत्रातून बाहेर पडायला एंटर दाबून ‘~.’ टाइप करा. तुम्ही एसएसएचमधून तिथे गेला असाल तर मात्र ‘~~.’ द्या, नाहीतर आधी एसएसएचच तुटेल.