वाचकांचे प्रश्न : गॅमा किरण स्फोट आणि त्यांच्या मावळत्या प्रकाशाचा शोध

गॅमा किरण स्फोटांविषयी आलेले पाच प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडेसे. आकाशाच्या कोणत्याही भागातून, पूर्वसूचनेशिवाय, सेकंदाच्या अंशापासून काही मिनिटांपर्यंत टिकणारा गॅमा किरणांचा झोत येतो आणि विझतो. अशा घटनेला गॅमा किरण स्फोट म्हणतात. त्यामागोमाग क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ लहरी यांमध्ये जी मंदावत जाणारी दीप्ती काही काळ रेंगाळते, ती पश्चदीप्ती.

प्रश्न : हे स्फोट उपग्रहांना १९६७ मध्येच दिसले होते, तर ते किती दूर होतात हे कळायला १९९७ साल का उजाडावे लागले? लष्करी गुप्ततेमुळे हा उशीर झाला असे वाचले, ते खरे आहे का? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : गुप्ततेची कथा रंगतदार आहे, परंतु ती वाजवीपेक्षा अधिक ताणली गेली आहे. अंतराळात अणुचाचण्या करण्यावर १९६३ च्या करारान्वये बंदी आली आणि ती कोणी मोडत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांच्या उपकरणांत एक नोंद झाली, जिचा चढउतार अणुस्फोटाशी जुळत नव्हता. मात्र ती कोणत्या दिशेने आली हे सांगता येईल इतके अचूक कालमापन त्या उपग्रहांजवळ नव्हते. १९६९ आणि १९७० मध्ये सोडलेल्या पुढच्या जोड्यांत ती सोय होती. एकमेकांपासून सुमारे दोन लाख किलोमीटरांवर असलेल्या दोन उपग्रहांवर एकच झोत किती फरकाने पोहोचला, यावरून दिशेचा ढोबळ अंदाज बांधता येतो. तसा तो बांधल्यावर सूर्य आणि पृथ्वी या दोघांवरचाही संशय फिटला, आणि अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील क्लेबेसाडेल, स्ट्राँग व ओल्सन यांनी १९७३ मध्ये १६ स्फोटांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

खरी अडचण त्यानंतरच्या चोवीस वर्षांची आहे, आणि ती एका वाक्यात सांगता येते: स्फोट कळत होता, जागा कळत नव्हती. अंतर मोजायचे तर वर्णपट हवा, वर्णपट घ्यायचा तर दुर्बीण नेमक्या ठिपक्यावर रोखायला हवी, आणि गॅमा किरणांच्या शोधकांकडून मिळणारा आकाशाचा तुकडा एवढा मोठा असे की त्यात हजारो तारे आणि त्याहून अधिक दीर्घिका मावत. अनेक यानांच्या नोंदींतील वेळेचा फरक जुळवून काही स्फोटांची जागा अतिशय अचूक काढली गेली, हे खरे आहे; पण त्या आकडेमोडीला दिवस, कधी आठवडे लागत आणि तोवर पाहण्यासारखे काही उरत नसे.

१९९१ मध्ये कॉम्प्टन या अंतराळातील वेधशाळेवर बसवलेल्या बॅट्सी या उपकरणाने दिवसाला सरासरी एक या गतीने, नऊ वर्षांत २,७०४ स्फोट टिपले. ते आकाशगंगेच्या पट्ट्यात एकवटलेले नव्हते, तर सर्व दिशांना सारखेच विखुरलेले होते. यावरून स्फोट आकाशगंगेच्या फार पलीकडे होतात असे खगोलशास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की म्हणत. ते आकाशगंगेला वेढणाऱ्या विस्तीर्ण प्रभामंडलातील न्यूट्रॉन ताऱ्यांवर (मृत ताऱ्यांच्या अतिशय घन अवशेषांवर) होतात, असे दुसरे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड लॅम्ब यांचे म्हणणे होते. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे या दोघांचा जाहीर वाद झाला. ज्या प्रश्नाच्या दोन उत्तरांत अंतराचा फरक हजारो पटींचा आहे, त्यावर दोन्ही बाजूंनी सभ्यपणे वाद घालता यावा, यावरूनच माहितीचे दारिद्र्य लक्षात यावे.

तो वाद मिटवला तो बेप्पोसॅक्स या इटली आणि नेदरलँड्स यांच्या उपग्रहाने. त्याच्यावर गॅमा किरणांच्या शोधकाबरोबरच विस्तृत क्षेत्र पाहणारे क्ष-किरण कॅमेरे होते आणि त्यांच्या साहाय्याने स्फोटाची जागा काही तासांत काही कलांपर्यंत निश्चित होत असे. (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला.) २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर आठ तासांनी उपग्रहाची सूक्ष्म क्ष-किरण दुर्बीण त्या जागेकडे वळवण्यात आली, तेव्हा तेथे आधी माहीत नसलेला क्ष-किरणांचा स्रोत आढळला. स्फोटापासून सुमारे २१ तासांनी यान व्हॅन पॅराडाइस यांच्या गटाने ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीतून त्या क्षेत्राचे छायाचित्र मिळवले. ८ मार्च रोजी पुन्हा घेतलेल्या छायाचित्राशी ते ताडून पाहता एक ठिपका नाहीसा झालेला होता. ही पहिली दृश्य पश्चदीप्ती. त्याच वर्षी ८ मे रोजी झालेल्या स्फोटाच्या पश्चदीप्तीचा वर्णपट हवाईतील केक दुर्बिणीने मिळवला. त्यातील लोह आणि मॅग्नेशियम यांच्या शोषणरेषा ०.८३५ इतक्या ताम्रसृतीने (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप) सरकलेल्या होत्या, म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हापासून किमान सात अब्ज वर्षे लोटली होती. हे काम करणाऱ्या, अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेच्या गटात, कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. २०२४ च्या शॉ पुरस्काराने त्यांच्या ज्या कार्याचा गौरव झाला त्यात गॅमा किरण स्फोटांचाही समावेश आहे.

प्रश्न : गॅमा किरण आरशाने किंवा भिंगाने एकत्र करता येत नाहीत आणि वातावरणातून खाली पोहोचतही नाहीत. मग उपग्रहाला त्यांची दिशा कळते कशी? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : दिशा सावलीवरून कळते. शोधकाच्या वर काही अंतरावर शिशाच्या तुकड्यांचा, ठरावीक पण अनियमित नक्षीचा पडदा बसवलेला असतो. जाळीच्या खिडकीतून आलेल्या उन्हाची नक्षी सूर्य सरकेल तशी जमिनीवर सरकते, तसाच या पडद्याच्या सावलीचा आकृतिबंध स्रोताच्या दिशेनुसार शोधकावर सरकतो आणि संगणक त्यावरून उलट हिशोब करून दिशा काढतो. २० नोव्हेंबर २००४ रोजी सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहाच्या पडद्यात शिशाचे सुमारे ५२,००० तुकडे आणि त्याखालील शोधकात कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे ३२,७६८ घटक आहेत. काही सेकंदांत जागा काही कलांपर्यंत ठरते, उपग्रह कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता साधारण एक-दोन मिनिटांत आपली क्ष-किरण आणि दृश्य-अतिनील दुर्बीण तिकडे वळवतो, आणि क्ष-किरणांतील पश्चदीप्ती सापडली की जागेतील अनिश्चितता काही विकलांवर येते. स्वतःहून वळण्याची ही युक्ती मला पडद्याच्या गणितापेक्षाही मोलाची वाटते, कारण बेप्पोसॅक्सच्या काळात तासांत मोजला जाणारा विलंब तिने मिनिटांवर आणला.

२००८ पासून कार्यरत असलेला फर्मी उपग्रह वर्षाला दोनशेहून अधिक स्फोट टिपतो, पण त्याच्या गॅमा किरण स्फोट शोधकाला असा पडदा नाही. निरनिराळ्या दिशांना तोंड करून बसवलेल्या शोधकांपैकी कोणात किती नोंदी झाल्या यावरून तो दिशा काढतो, त्यामुळे त्याची चूक अनेक अंशांची असू शकते. शिवाय नोंदींत एकाएकी झालेली प्रत्येक वाढ स्फोटच असते असेही नाही: सौरज्वाला, पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांतील विद्युद्भारित कण, आकाशगंगेतील प्रचंड चुंबकीय क्षेत्राचे न्यूट्रॉन तारे, इतकेच काय तर पृथ्वीवरच्या वादळी ढगांतून निघणारे मिलिसेकंदांचे गॅमा-झोत हेही शोधकाला जागे करतात.

प्रश्न : लाखो ताऱ्यांमधून नेमका पश्चदीप्तीचा ठिपका ओळखतात कसा? आणि तो इतक्या लवकर का मंदावतो? (खगोल मंडळाचा एक सदस्य, पुणे)

उत्तर : मंदावणे हीच त्याची ओळख आहे. स्फोटातून प्रकाशवेगाच्या अगदी निकट गतीने निघालेला द्रव्याचा अरुंद झोत भोवतालच्या विरळ वायूला धडकतो, धक्कालाट तयार होते आणि तिच्यातील वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात घिरट्या घालताना प्रारण सोडतात. झोताची गती जसजशी कमी होते तसतसा या प्रारणाचा भर क्ष-किरणांकडून दृश्य प्रकाशाकडे आणि पुढे रेडिओ लहरींकडे उतरतो. म्हणून रेडिओ पश्चदीप्ती कधी कधी कित्येक दिवसांनी कळसाला पोहोचते. दृश्य तेजस्विता ढोबळमानाने गेलेल्या वेळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, पण सुरुवातीचा उतार याहूनही तीव्र असू शकतो. २३ जानेवारी १९९९ च्या स्फोटाच्या वेळी रॉट्सी या स्वयंचलित कॅमेऱ्याने नवव्या प्रतीची (प्रत हे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद) चमक टिपली, आणि दहा मिनिटांत ती साडेचौदाव्या प्रतीपर्यंत, म्हणजे शंभराव्या भागाच्याही खाली उतरली होती.

प्रत्यक्ष शोधात आधी उपग्रहाने दिलेल्या वर्तुळाचे ताजे छायाचित्र जुन्या सर्वेक्षणाशी ताडतात. नवा ठिपका आढळला तर तो सरकतो का हे पाहतात, कारण सरकणारा ठिपका बहुधा लघुग्रह असतो. सरकत नसेल तर तासाभराने पुन्हा छायाचित्र घेऊन तो मंदावला का हे पाहतात. दरम्यान जीसीएन या जागतिक संदेशव्यवस्थेतून प्रत्येक वेधशाळा आपले निष्कर्ष कळवत असते. त्यांत ‘अमुक प्रतीपर्यंत काही दिसले नाही’ हा निरोपही असतो आणि तो इतरांना तितकाच उपयोगी पडतो. काहीच न दिसण्याला कारणे असतात: कधी स्रोताभोवतीची धूळ, कधी अफाट अंतर. २३ एप्रिल २००९ च्या स्फोटाची पश्चदीप्ती केवळ अवरक्त प्रकाशात दिसली, कारण तिची ताम्रसृती ८ च्या वर होती आणि मधल्या हायड्रोजनने तिचा दृश्य प्रकाश गिळला होता.

एवढी व्यवस्था असूनही फसगत होते. ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट आजवर नोंदलेल्या स्फोटांत सर्वाधिक तेजस्वी ठरला, पण तो शर तारकासमूहात, आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ होता. स्विफ्टला तो प्रत्यक्ष स्फोटानंतर पाऊण तासाहून अधिक वेळाने दिसला, तेव्हा तो आपल्याच आकाशगंगेतील एखादा उफाळलेला स्रोत आहे असे मानून त्याला तसे नावही देण्यात आले. फर्मीची आधीची नोंद जुळवल्यावर खरा प्रकार उघड झाला. अंतर निघाले सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षे.

उलट प्रकारचे उदाहरण १७ ऑगस्ट २०१७ चे. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरींनंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. तेथे पश्चदीप्ती क्ष-किरणांत नवव्या दिवशी आणि रेडिओ लहरींत सोळाव्या दिवशी सापडली, आणि मंदावण्याऐवजी सुमारे पाच महिने वाढतच राहिली. आपण झोताच्या सरळ रेषेत नव्हतो, बाजूने पाहत होतो; झोत मंदावून पसरू लागला तसा त्याचा अधिकाधिक भाग दृष्टीत येत गेला. त्या वेधांत नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही वाटा होता.

प्रश्न : असा स्फोट पृथ्वीला घातक ठरेल का? (एक गृहिणी, मडगाव)

उत्तर : नजिकच्या भविष्यात तरी चिंता करण्याचे कारण नाही. झोत अरुंद असतो, तो नेमका आपल्या रोखाने यावा लागतो, आणि दीर्घ (दोन सेकंदांहून अधिक टिकणारे) स्फोट बहुधा जड मूलद्रव्ये कमी असलेल्या दीर्घिकांत होतात, तशी आपली आकाशगंगा नाही. २०२२ च्या स्फोटाने वातावरणाच्या आयनांबराला (विद्युद्भारित कणांच्या वरच्या थराला) किंचित हलवले, हे मात्र उपकरणांना जाणवले.

प्रश्न : भारतातून या क्षेत्रात काय चालते? आणि माझ्या आठ इंची दुर्बिणीतून मला एखादी पश्चदीप्ती टिपता येईल का? (एक हौशी आकाशनिरीक्षक, सांगली)

उत्तर : २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील सीझेडटीआय हे उपकरण ६ ऑक्टोबर रोजी सुरू झाले आणि त्याच दिवशी त्याने एक स्फोट टिपला. शंभर किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या वर त्याच्या बाजूच्या भिंती गॅमा किरणांना पारदर्शक ठरतात, त्यामुळे ज्या दिशेला ते पाहत नाही तेथील स्फोटही त्याला कळतात. अशा शेकडो स्फोटांची नोंद त्याने केली आहे. ते उपकरण चालवण्याचे काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेमधून होते. दृश्य प्रकाशासाठी लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय ताराभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची ७० सेंटिमीटर व्यासाची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे; ती मुळातच अशा क्षणभंगुर घटनांच्या पाठलागासाठी उभारली गेली. नैनितालजवळ देवस्थळ येथे ३.६ मीटरची दुर्बीण आहे. भारतातून मिळणारे वेध केवळ संख्येत भर घालणारे नसतात: अमेरिकेत आणि युरोपात दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते, आणि मंदावणाऱ्या ठिपक्याच्या आलेखात तेवढेच तास रिकामे राहत असतात.

आता तुमच्या दुर्बिणीविषयी. डोळ्याने पाहण्याची आशा धरू नका. १९ मार्च २००८ रोजी भूतप तारकासमूहातील एका स्फोटाची दीप्ती काही सेकंद नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतकी झाली होती, परंतु ती टिपणारे कॅमेरे अर्ध्या तासापूर्वी त्याच भागात झालेल्या दुसऱ्या स्फोटामुळे आधीच तिकडे रोखलेले होते. असा योग कोणाच्या वाट्याला रोज येत नाही. कॅमेऱ्याने मात्र प्रयत्न करण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेतील हौशी निरीक्षक बर्टो मोनार्ड यांनी २५ जुलै २००३ च्या स्फोटाची पश्चदीप्ती स्वतः शोधून काढली, आणि २०२२ च्या स्फोटाचे वेधही अनेक हौशी निरीक्षकांनी घेतले. त्यासाठी थंड केलेला कॅमेरा, अचूक मागोवा घेणारी बैठक आणि सांगलीच्या दिव्यांपासून दूरची जागा हवी. मिनिटा-दोन मिनिटांची अनेक छायाचित्रे एकत्र करून सतराव्या-अठराव्या प्रतीपर्यंत जाता आले, तर उजळ पश्चदीप्ती पहिल्या एक-दोन तासांत आवाक्यात येते. जीसीएनच्या सूचना कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यांपैकी स्विफ्टने दिलेल्या, रात्री आपल्या क्षितिजाच्या बऱ्यापैकी वर असलेल्या आणि चंद्रापासून दूर असलेल्या जागाच निवडाव्यात, फर्मीच्या मोठ्या वर्तुळांच्या मागे लागू नये. प्रत्येक छायाचित्राची वेळ सेकंदापर्यंत नोंदवून ठेवा, आणि काही दिसले नाही तरी त्या रात्री कोणत्या प्रतीपर्यंतचे तारे उमटले होते ते मोजून लिहून ठेवा.