सिम्युलेशन खेळांतून व्यवसायनीती

प्रश्न : आंतरराष्ट्रीय व्यवसायनीती (म्हणजे व्यवसायाची धोरणे) शिकवताना संगणकीय सिम्युलेशन खेळांचा खरोखर उपयोग होतो का, की विद्यार्थी केवळ गुणांमागे धावतात?

उत्तर : उपयोग होतो, पण खेळ संपल्यावर चर्चेला पुरेसा वेळ राखून ठेवला तरच. या खेळांत विद्यार्थ्यांचे गट काल्पनिक कंपन्या चालवतात आणि फेरीगणिक निर्णय घेतात. हे साधन नवे नाही. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ मध्येच व्यवस्थापकांसाठी असा खेळ संगणकावर चालवला होता. त्याचे बळ निर्णयांच्या परस्परसंबंधांत आहे. एखादा गट मजुरी स्वस्त म्हणून परदेशात कारखाना उभारतो, पुढच्या दोन फेऱ्यांत त्या देशाचे चलन वधारते आणि विक्रीचा आकडा तोच असूनही निर्यातीवरचा नफा आटून जातो. विनिमय दराची जोखीम नुसत्या व्याख्यानातून इतकी अंगाला भिडत नाही.

तुमची शंका मात्र रास्त आहे. शेवटची फेरी कोणती हे कळले, की गट संशोधन आणि जाहिरातीवरचा खर्च छाटून नफा फुगवतात (आणि पहिलेही येतात!). म्हणून फेऱ्यांची संख्या गुप्त ठेवावी आणि गुण क्रमांकाला न देता प्रत्येक निर्णयामागच्या लेखी कारणमीमांसेला द्यावेत. राजकीय उलथापालथ, भ्रष्टाचार यांसारख्या बाबी अशा खेळांत बहुधा ढोबळपणेच येतात. त्यांसाठी प्रत्यक्ष कंपन्यांची प्रकरणेच अभ्यासाला घ्यावीत.