एकच पक्ष असेल तर मतदान कशासाठी घ्यायचे?

तुमचा प्रश्न असा की आफ्रिकेतल्या काही देशांत कायद्यानेच एक पक्ष होता, तरी निवडणुका व्हायच्या; मग तो निव्वळ देखावाच ना? बऱ्याच ठिकाणी होताच. पण टांझानियाची 1965 ची निवडणूक मी सरसकट त्यात ढकलणार नाही.

तिथे 1960 साली, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ज्युलियस न्येरेरेंच्या टानू पक्षाने 71 पैकी 70 जागा घेतल्या होत्या, त्यातल्या 58 बिनविरोध. उरलेली एक जागाही टानूच्याच बंडखोराने मारली! म्हणजे बहुतेक मतदारसंघांत लोकांवर मत द्यायची वेळच आली नाही. विरोधक उभाच राहत नाही, तर चुरस पक्षाच्या आतच लावू, असं न्येरेरेंचं म्हणणं. 1965 च्या घटनेने पक्ष एकच ठेवला आणि मुख्य भूमीवर, म्हणजे झांझिबार बेटं सोडून, जवळपास प्रत्येक जागेवर टानूचेच दोन उमेदवार समोरासमोर आले.

एकाचं चिन्ह ‘जेंबे’ म्हणजे कुदळ, दुसऱ्याचं ‘न्युंबा’ म्हणजे घर. सभा पक्षच भरवायचा, दोघांनी एकाच व्यासपीठावरून, तेही स्वाहिलीत बोलायचं. जमात, वंश, धर्म काढायचा नाही. धोरणावर भांडायची सोय नाही म्हटल्यावर भांडण चिन्हांवर आलं. शेतकऱ्यांच्या देशात कुदळवाल्याची चलती. मग घरवाला म्हणायचा, दिवसभर कुदळ चालवून शेवटी येणार कुठे, घरीच ना? आपल्याकडच्या प्रचारसभा ऐकलेल्याला यात फारसं नवल वाटू नये.

निकाल मात्र खरे लागले. खुद्द अर्थमंत्री पॉल बोमानी पडले, बरेच विद्यमान खासदारही आपटले. मोरोगोरोतून भारतीय वंशाचे अमीर जमाल निवडून आले आणि अर्थखातं त्यांच्याकडे गेलं.

आता दुसरी बाजू. इच्छुक कितीही असोत, पक्षाच्या जिल्हा अधिवेशनात पसंतीक्रम लागायचा आणि त्यातले दोन कोण हे शेवटी पक्षाची राष्ट्रीय कार्यकारिणी ठरवायची. खरी चाळणी तिथेच. राष्ट्राध्यक्षपदासाठी तर एकटे न्येरेरे. मतदाराने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. 96 टक्के हो म्हणाले. झांझिबारचे खासदार लोकांनी निवडलेच नाहीत, ते नेमले गेले. आणि पडलेल्या बोमानींना न्येरेरेंनी मंत्रिमंडळात परत घेतलंच, दुसरं खातं देऊन. 1968 मध्ये काही खासदारांना पक्षाने काढलं, तर त्यांची खासदारकीही गेली, कारण पक्षाचा सभासद नसलेल्याला संसदेत जागाच नव्हती.

म्हणून मी त्याला अर्धी निवडणूक म्हणतो: माणूस बदलता यायचा, पक्ष आणि धोरण नाही. पण ‘अनेक पक्ष आले की झालं’ असंही समजू नका. 1992 मध्ये टांझानियाने इतर पक्षांना परवानगी दिली. ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीत मात्र प्रमुख विरोधी नेते टुंडू लिस्सू देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते, आणि राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांना जवळपास 98 टक्के मतं मिळाल्याचं जाहीर झालं.