साठी-सत्तरीतल्या रॉक बँडला ऐकायला बडोद्याहून मुंबई गाठावी का?

तुम्ही २३ वर्षांचे, राहणार बडोद्याचे. विचारताय की ज्यांच्या गायकाने साठी ओलांडली, निम्मे मूळ मेंबर सोडून गेले, अशा बँडसाठी तिकीट, गाडीभाडं आणि मुंबईतली एक रात्र एवढा खर्च करावा का. तुमचे मित्र म्हणतात, त्यापेक्षा यूट्यूबवर ऐंशीच्या दशकातलं ऐक, खरा बँड तोच. मी पन्नाशीचा, बडोद्याच्याच दांडिया बाजारात वाढलो, आणि गेली बावीस वर्षं अशा बँडांच्या मागे फिरतोय. माझं उत्तर: जा. पण काय ऐकायला जायचं ते आधी ठरवून जा, कारण निराश होऊन परतलेले बहुतेक जण कॅसेटवरचंच पुन्हा ऐकायला गेलेले असतात.

माझी पहिली वेळ ७ एप्रिल २००३ ची. रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश बँड, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. आमच्या घरात रॉक आलं ते दादामुळे. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या होस्टेलवर राहणाऱ्या मित्रांकडून तो कॅसेटी भरून आणायचा. बाबा तबला वाजवायचे, भजनाला साथ करण्यापुरता. गिटारचा गोंगाट त्यांना सोसत नसे, पण स्टोन्स लागले की जाता जाता दारात थांबायचे. म्हणायचे, "हा वाजवणारा मध्येच काहीतरी सोडतोय रे." काय सोडतोय ते मला ब्रेबॉर्नवर दिसलं.

स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स तेव्हा ६१ वर्षांचा होता. चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअरवर, म्हणजे पुढ्यातल्या कडक आवाजाच्या ड्रमवर पडतो. बहुतेक ड्रमर त्याच वेळी उजव्या हाताने हाय-हॅटही, म्हणजे बाजूची झांजांची जोडीही चालू ठेवतात. वॉट्स नेमका त्या क्षणी उजवा हात उचलून घ्यायचा. स्नेअर एकटा वाजायचा, भोवती मोकळी जागा. खालीला डग्ग्याचा घुमारा काढून घेतल्यावर ताल कसा एकदम हलका होतो, तसं काहीसं. बाबांच्या कानाने हे एका घासलेल्या कॅसेटवरून पकडलं होतं. रात्रीच्या गाडीने परत आलो, सकाळी त्यांना हाताने करून दाखवलं, तर चहा बाजूला ठेवून त्यांनी मांडीवर तीन-चार वेळा वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर."

एक चूक मात्र मी केली होती. स्वस्तातलं तिकीट काढून फार मागे बसलो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मंचापासून शंभर मीटरवर तो जवळजवळ सेकंदाचा तिसरा हिस्सा उशिरा पोचतो. पडद्यावर काठी पडलेली दिसायची आणि थाप मागून यायची. तुम्हाला उभ्याचं तिकीट मिळालं तर अगदी पुढे घुसू नका. मैदानाच्या मध्यावर साउंड इंजिनियरचा कन्सोल असतो, त्याच्या आसपास राहा. तो माणूस तिथे उभा राहून जे ऐकतो त्यावरूनच सगळा आवाज जुळवत असतो.

आता वयामुळे गायकाचा आवाज गेल्याबद्दल. माझ्या आजोबांनी शास्त्रीय गवई फैयाज खाँसाहेबांना इथेच, बडोद्यात, त्यांच्या उतारवयात ऐकलं होतं. खाँसाहेबांचा आवाज थकला होता असं आजोबा कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. कुठल्या सुरावर ते किती वेळ थांबले, एवढंच सांगायचे. वय झालेला गवई तार सप्तकात कमी जातो, मध्य सप्तकात घर करतो आणि त्याच तीन-चार सुरांतून पूर्वी न दाखवलेलं काही दाखवतो. हे ऐकायची सवय आपल्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. रॉकलाच आपण वेगळा न्याय का लावावा, हे मला कधी समजलेलं नाही. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा गायक इयन गिलन १९४५ चा जन्म. 'चाइल्ड इन टाइम' हे त्यांचं १९७० चं गाणं चढत चढत किंकाळीपर्यंत जातं, आणि गेली वीसेक वर्षं तो ते मंचावर गातच नाही. मला यात कलाकाराचा विवेक दिसतो. पुष्कळ बँड जुनी गाणी अर्धा किंवा पूर्ण सूर खाली आणतात. आपण भजनात पट्टी उतरवतो, तेच. पण पट्टी उतरली की गाण्याचा स्वभावही बदलतो, आणि तरुणपणी नुसतं ओरडून सांगितलेलं काही वेळा पहिल्यांदा नीट ऐकू येतं.

मूळ मेंबरांचा प्रश्न जास्त अवघड आहे. तिथे तुमचे मित्र अर्धे बरोबर आहेत.

डिसेंबर २०१२ मध्ये गन्स एन' रोझेस हा अमेरिकन बँड मुंबईत आला तेव्हा गायक ॲक्सल रोझ होता, पण जुना गिटारवाला स्लॅश आणि बेसवाला डफ मकेगन नव्हते. गिटारवर तिघं होती, तिघंही तयारीची. सगळं वाजलं, जागच्या जागी वाजलं. मग स्लॅश आणि डफ २०१६ मध्ये परतले आणि १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर मी ॲक्सलसकट तिघांना एका मंचावर पाहिलं. मे महिन्यातली मुंबई, शर्ट अंगाला चिकटलेला. स्लॅश लांब सूर लावण्याआधी किंचित थांबतो. ते थांबणं इतर कुणाला शिकवता येत नाही, आणि त्यासाठी मी साडेबारा वर्षं वाट पाहिली होती. शेजारी एक मुलगी रडत होती. डोळे माझेही कोरडे नव्हते.

म्हणजे मूळ माणसं नसतील तर जाऊ नये का? इथे इंडियन ओशनचं सांगतो, कारण त्यांनी माझं मत बदललं. हा १९९० पासूनचा दिल्लीचा बँड. असीम चक्रवर्ती मांडी घालून बसायचा, तबला वाजवायचा आणि त्याच वेळी गायचा. २५ डिसेंबर २००९ ला तो गेला. त्याच्या जागी दोन माणसं घ्यावी लागली, गायला हिमांशू जोशी आणि तबल्यावर तुहीन चक्रवर्ती. २०१३ मध्ये गिटारवाल्या सुस्मित सेननेही बँड सोडला. बँड सुरू केला होता तो असीम आणि सुस्मित या दोघांनीच. तुमच्या मित्रांच्या हिशेबाने तिथेच कारभार संपायला हवा होता.

त्यानंतर मी त्यांना आपल्याकडे एका कॉलेजच्या मैदानावर ऐकलं. 'माँ रेवा' सुरू झालं. बेसवर राहुल राम. हा माणूस नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात होता, आणि हे नर्मदेचं लोकगीत त्याने तिथूनच आणलं. बडोद्यात हे गाणं ऐकणं सोपं नाही. आपण चांदोदला नर्मदेवर जाणारी माणसं, धरण इथून दोन तासांवर, आणि धरणाबद्दल घरोघरी ठाम मतं. माझ्या घरातही आहेत, एकमेकांच्या विरुद्ध. तरी धृपदाला सगळं मैदान गात होतं. असीमचा आवाज मला आठवत होता आणि हिमांशूने त्याची नक्कल अजिबात केली नाही, स्वतःच्या गळ्याने गायला. नव्या माणसाला अशी मोकळीक देणारा बँड असेल तर मूळ मेंबर मोजत बसू नका, खुशाल जा. मोकळीक नसेल तर घरी यूट्यूब लावा.

जायचं ते मात्र उद्यावर टाकू नका. १५ डिसेंबर २०१९ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू टू या आयरिश बँडचे चौघेही होते, १९७६ पासूनचे तेच चार. चारच वर्षांनी लास व्हेगासला त्यांचे कार्यक्रम झाले तेव्हा शस्त्रक्रियेमुळे ड्रमर लॅरी मलन नव्हता. चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ ला गेला.

खर्चाचं म्हणाल तर मुंबईत रात्र काढायची गरज नसते, कार्यक्रम वेळेत संपला तर रात्रीची गाडी मिळते. परतीचं आरक्षण तिकिटाच्या आधी करा. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले अहमदाबादला दोन दिवस वाजवून गेले, तेव्हा पुढेमागे मोठी नावं आपल्या तासा-दीड तासावरही येतील. कानात घालायचे बोळे न्या, तीन तास त्या आवाजात काढायचे असतात. आणि पहिली दोन गाणी मोबाइल खिशात ठेवून, मांडीवर मात्रा धरून, नुसतं ड्रमरकडे बघा.