तीस दिवसांच्या आत एक साधा कागद

सातपूरच्या ताई, भावजयीने तुमच्या भावाला स्किझोफ्रेनियासाठी 19 दिवसांपूर्वी खासगी मनोरुग्णालयात दाखल केलं. तिथे तुम्हाला कुणी काही सांगत नाही, म्हणून कोर्टातून त्याचा ‘ताबा’ मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. ओझर, निफाड, सिन्नरकडूनही हाच प्रश्न येत असतो. सज्ञान माणसाचा ताबा असा मागता येत नाही. कोर्टाचा विचार बाजूला ठेवा आणि दिवस मोजा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 14 इथे सगळं ठरवतं. रुग्णाने स्वतः लेखी नेमलेली व्यक्ती ही त्याची ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याला आधार देणारी. कुणालाच नेमलं नसेल तर नातेवाईक. पण नातेवाइकांत आधी बायको आणि मग बहीण, अशी उतरंड या कायद्यात नाही. रक्ताचं, लग्नाचं, दत्तकाचं नातं एकाच पायरीवर. मग ज्याने दाखल केलं त्याचीच सही रुग्णालय धरून चालतं. मागच्या डिस्चार्जला डॉक्टरांनी नेमणुकीचा कागद करायला सांगितला होता, असं तुम्हीच लिहिता. दहा मिनिटांचं काम दीड वर्ष का राहिलं?

आता तरी करा. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. साध्या कागदावर भावाने नेमणूक लिहावी, तारीख घालावी, सही किंवा अंगठा द्यावा. तुमची लेखी संमती डॉक्टरांच्या नावे वेगळी द्या आणि दोन्हींची पोच घ्या. कलम 89 खाली, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून, दाखल असलेल्याच्या वतीने दुसरा कुणी संमती देत असेल, तर रुग्णाची स्वतः निर्णय घेण्याची क्षमता दर 7 दिवसांनी तपासावी लागते. क्षमता असल्याची नोंद केसपेपरवर होईल त्या दिवशी सही घ्या. गुंगीत घेतलेल्या सहीला उद्या भावजय हरकत घेईल आणि ती हरकत रास्त असेल. भेटायला अडवलं तर कलम 26 दाखवा. भेटीचा हक्क भावाचा आहे. मात्र तोच नको म्हणाला किंवा त्याने बायकोलाच नेमलं, तर ते मान्य करा. हा कायदा त्याच्यासाठी आहे.

घाई एवढ्यासाठी की कलम 89 खालचा मुक्काम 30 दिवसांचाच. पुढे कलम 90 लागतं : प्रतिनिधीचा अर्ज, दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी, आणि मग 90 दिवसांपर्यंत वाढ. तो अर्ज कोण करणार, हे उरलेल्या 11 दिवसांत ठरेल.

दाखल करणंच चुकीचं वाटत असेल तर भाऊ स्वतः याच मंडळाकडे अर्ज करू शकतो. फी नाही. कलम 27 प्रमाणे वकील मोफत मिळतो, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा. निकाल 7 दिवसांत द्यायचा असं कायदा म्हणतो, पण त्या 7 दिवसांच्या भरवशावर कागद लांबवू नका.

कायदा सुधारायचाच तर कलम 98 मध्ये सुधारावा. डिस्चार्जच्या वेळी घरच्यांशी बोलून पुढची आखणी करायची असं त्यात आहे. त्याच बैठकीत हा कागद सक्तीचा केला तर अशी निम्मी भांडणं उभीच राहणार नाहीत.

घराच्या कागदांवर भावाच्या सह्या घेतल्याची शंका तुम्ही लिहिली आहे. प्रतिनिधीचा अधिकार उपचारापुरता आहे, मालमत्तेवर नाही. त्याहून जास्त मी ते कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही.