विंडोज हिंदीत ठेवून गिंप इंग्रजीत किंवा मराठीत कसे वापरावे?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: घरातील संगणकावर वडिलांच्या दुकानाचा हिशेबही चालतो, म्हणून त्यावरील विंडोज हिंदीत आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे, गिंप (चित्रे बनवण्याचा आणि सुधारण्याचा संगणक-कार्यक्रम) बसवल्यावर तेही आपोआप हिंदीत उघडले, आपल्याला ते इंग्रजीत हवे आहे, आणि धाकट्या बहिणीला ते मराठीत मिळेल का, हेही आपण विचारले आहे. दोन्ही गोष्टी शक्य आहेत आणि त्यासाठी विंडोजच्या भाषेला हात लावावा लागत नाही. मी नागपुरातच, महाल भागात, छपाईच्या एका दुकानात पत्रिका आणि फलकांची मांडणी करतो आणि संध्याकाळी काही मुलांना गिंप शिकवतो, त्यामुळे ही अडचण माझ्यासमोर वारंवार येते.

गिंप नव्याने बसवले की त्याची भाषा ‘सिस्टिम लँग्वेज’ या पर्यायावर असते, म्हणजे संगणकाची जी भाषा तीच ते उचलते. हा पर्याय बदलण्याची सोय गिंपच्या आतच आहे. इंग्रजी नावांनी सांगायचे तर ‘एडिट’ मेनूतील ‘प्रेफरन्सेस’ उघडावे, डावीकडच्या यादीत ‘इंटरफेस’ या नावावर क्लिक करावे, उजवीकडे ‘लँग्वेज’ या शीर्षकाखालील यादीतून हवी ती भाषा निवडावी, ‘ओके’ दाबावे आणि गिंप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. पुन्हा उघडेपर्यंत पडद्यावर काहीही बदललेले दिसत नाही. अनेकांना इथेच वाटते की निवड लागूच झाली नाही, आणि ते पुन्हा पुन्हा तेच करत बसतात.

आपल्या पडद्यावर ही नावे हिंदीत असतील, म्हणून जागेवरून ओळखणे अधिक खात्रीचे आहे. वरच्या पट्टीतील डावीकडून दुसरा मेनू हाच ‘एडिट’ असतो. तो उघडल्यावर अगदी खाली आडव्या रेषेने वेगळा केलेला एक गट दिसतो आणि त्या गटातील पहिली ओळ ‘प्रेफरन्सेस’ची असते. उघडलेल्या खिडकीतील डाव्या यादीत ‘इंटरफेस’ साधारण मध्यावर आहे. त्याच्या शेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केल्यास फक्त पोटविभाग उघडतात, म्हणून क्लिक नावावरच करावे. कोणी चुकून जपानी किंवा रशियन निवडले आणि पडद्यावरचे एकही अक्षर वाचता येईना, तरी ह्याच खुणांनी परत येता येते. अरबी किंवा हिब्रू निवडली गेली असेल तर सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटते आणि ‘एडिट’ उजवीकडून दुसरे होते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. याच खिडकीच्या तळाशी ‘रीसेट’चेही बटण असते. ते भाषेपुरते नसून आपल्या सगळ्याच पसंती मूळपदावर नेते, त्यामुळे भाषा बदलताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

आपण 16 मार्च 2025 रोजी प्रसिद्ध झालेली 3.0 किंवा त्यानंतरची आवृत्ती घेतली असेल, तर आणखी जवळची वाट आहे. या आवृत्तीत सुरुवातीला जी स्वागताची खिडकी येते, तिच्या ‘पर्सनलाइझ’ भागातच भाषेची निवड ठेवलेली आहे, आणि ती खिडकी नंतर ‘हेल्प’ मेनूतून पुन्हा उघडता येते.

यादीत हवी ती भाषाच दिसत नसेल, तर बहुधा गिंप बसवतानाच अनुवाद वगळले गेलेले असतात. विंडोजसाठीच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टमाइझ’ निवडल्यास घटकांची एक यादी येते आणि तिच्यात ‘ट्रान्सलेशन्स’ हा वेगळा घटक असतो. जागा वाचवण्यासाठी त्याची खूण कोणी काढली असेल तर गिंप केवळ इंग्रजीच जाणते. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवून ती खूण करावी. लिनक्सवर फ्लॅटपॅकमधून (कार्यक्रम बसवण्याच्या तिथल्या एका सोयीतून) गिंप घेणाऱ्यांनाही असाच अनुभव येतो, कारण फ्लॅटपॅक एरवी संगणकावर ठरलेल्या भाषांचेच अनुवाद उतरवून घेते आणि बाकीच्या भाषा त्याला वेगळ्या सांगाव्या लागतात.

काही कारणाने प्रेफरन्सेसची खिडकीच उघडत नसेल, तर आपली निवड गिंप जिथे लिहून ठेवते तिथे जाऊन ती बदलता येते. विंडोजवर आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ‘अ‍ॅपडेटा’, त्यात ‘रोमिंग’, त्यात ‘गिंप’ आणि त्यात आवृत्तीच्या क्रमांकाचे फोल्डर असते. तिथे ‘गिंपआरसी’ नावाची साधी मजकुराची फाइल सापडते. गिंप बंद असताना ती नोटपॅडमध्ये उघडावी. कंसात ‘लँग्वेज’ या शब्दाने सुरू होणारी ओळ काढून टाकून फाइल जतन केली की गिंप पुन्हा संगणकाच्या भाषेकडे वळते. फाइलची एक प्रत आधी बाजूला ठेवलेली बरी.

आता मराठीविषयी, कारण प्रश्नाचा हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. यादीत मराठी आहे, तिचे नाव देवनागरीतच असते आणि ती निवडताही येते. मात्र सगळा पडदा मराठी होईल अशी अपेक्षा ठेवू नये. ज्या वाक्यांचा अनुवाद झालेला नाही ती मूळ इंग्रजीतच दिसतात, त्यामुळे एकाच मेनूत एक ओळ मराठी आणि तिच्याखालची इंग्रजी असे चित्र दिसते. काही बिघडले आहे असा याचा अर्थ होत नाही. गिंपचा मजकूर एका गठ्ठ्यात नसून मुख्य कार्यक्रम, जोड-कार्यक्रम, स्क्रिप्ट्स अशा निरनिराळ्या फाइलींत विभागलेला आहे, आणि फिल्टर्सचा बराच मजकूर तर जेगल नावाच्या वेगळ्या प्रकल्पातून येतो. प्रत्येक फाइलचा अनुवाद स्वतंत्रपणे होतो आणि स्वतंत्रपणे मागेही पडतो. गिंपचे सविस्तर माहितीपुस्तक ही आणखी वेगळी गोष्ट आहे. ते अनेक भाषांत आहे, पण मराठीत नाही.

तरीही बहिणीसाठी मराठी लावून पाहाच, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी ज्यांचे इंग्रजी कच्चे असते, ती इंग्रजी पडद्यासमोर बसली की चित्रे पाहून अवजारे ओळखतात आणि मेनू उघडायचे टाळतात. तोच मेनू अर्धामुर्धा का होईना मराठीत दिसला की तीच मुले तो उघडून खालपर्यंत वाचू लागतात. आपल्याला स्वतःला मात्र इंग्रजीच सोयीची जाईल, कारण शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ ‘लेयर’, ‘मास्क’, ‘कर्व्ह्ज’ हीच नावे घेतात आणि पडद्यावर दुसरे नाव असले की प्रत्येक पायरीला थांबून शोधाशोध करावी लागते. विंडोजवर बहिणीचे वेगळे खाते उघडले तर दोघांची निवड वेगवेगळी राहील, कारण गिंप ती प्रत्येक खात्याच्या फोल्डरमध्ये स्वतंत्रपणे ठेवते.

भाषा बदलल्याने चित्राला किंवा आधी केलेल्या कामाला काहीही होत नाही. कीबोर्डवरील शॉर्टकटही तेच राहतात: कंट्रोल आणि झेड म्हणजे मागे फिरणे, पी म्हणजे ब्रश, टी म्हणजे मजकूर. ते चालेनासे झाले तर टंकलेखनाचा कीबोर्ड देवनागरीवर तर राहिलेला नाही ना, हे आधी पाहावे. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की तो बदलतो. एक बारीक गोष्ट मात्र टिकून राहते. नवीन चित्रातील पहिल्या लेयरला, म्हणजे चित्राच्या पहिल्या थराला, गिंप त्या क्षणीच्या भाषेत नाव देते आणि ते फाइलमध्ये तसेच जतन होते, म्हणून आजवर हिंदीत केलेल्या फाइलींत ते नाव पुढेही हिंदीतच दिसेल. त्याने कामात अडथळा येत नाही, आणि नावावर डबलक्लिक करून ते बदलताही येते.

आपल्याला फलकांवर मराठी मजकूर लिहायचा आहे, असेही आपण शेवटी लिहिले आहे. त्याचा मेनूच्या भाषेशी संबंध नाही; इंग्रजी गिंपमध्येही युनिकोड फॉन्टने उत्तम मराठी लिहिता येते. फक्त मजकुराचे अवजार हातात असताना त्याच्या पर्यायांत अगदी तळाशी ‘लँग्वेज’ची आणखी एक चौकट असते, तिच्यात मराठी निवडावी. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे साठवलेली असतात, आणि कोणते वळण काढायचे ते गिंप या चौकटीवरून ठरवते. चौकट हिंदीवर राहिली तर ‘शाळा’, ‘लग्न’, ‘शुभेच्छा’ हे सगळे शब्द हिंदी वळणाने छापले जातात, आणि मोठ्या अक्षरांच्या फलकावर तो फरक लांबूनही कळतो. आधी लिहून झालेल्या मजकुराचे वळण बदलायचे असेल तर तो मजकूर-लेयर अवजाराने पुन्हा निवडून ही चौकट बदलावी.