मानेतली नळी ठरावीक दिवसांनी बदलावी का?

प्रश्न : माझे वडील (वय ६८) स्वादुपिंडाच्या सुजेमुळे अठरा दिवस आयसीयूत होते. त्यांच्या मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत जाणारी नळी) घातली होती. अकराव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरून ताप आला आणि नळीवाटे रक्तात जंतुसंसर्ग झाल्याचे सांगण्यात आले. आता ते घरी सुखरूप आहेत. हाताची सलाईनची सुई तीन-चार दिवसांनी बदलतात, मग ही नळी अकरा दिवस का ठेवली? आधीच अँटिबायोटिक का दिले नाही? नातेवाइकांनी काय पाहावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली शंका स्वाभाविक आहे; पण नळी केवळ दिवस मोजून बदलल्याने संसर्ग कमी होत नाही. सेंट्रल लाइनचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते, आणि ती नव्याने घालताना दर वेळी रक्तस्रावाचा किंवा फुप्फुसाला इजा होण्याचा धोका पुन्हा पत्करावा लागतो. नळीमुळे संसर्ग होऊ नये म्हणून आधीच अँटिबायोटिक देण्याचीही शिफारस नाही, कारण त्यातून औषधांना दाद न देणारे जंतूच पोसले जातात.

जंतू मुख्यतः दोन वाटांनी शिरतात. पहिल्या काही दिवसांत ते बहुधा कातडीवरून, नळीच्या बाहेरच्या अंगाने आत सरकतात. पुढे मात्र नळीच्या ज्या तोंडाला दिवसातून अनेकदा सिरिंज जोडली जाते, ते तोंड ही मोठी वाट ठरते. आत पोहोचलेले जंतू नळीच्या भिंतीवर बुळबुळीत थर करून राहतात आणि त्या थराखाली औषधाचा मारा फारसा पोहोचत नाही, म्हणून पुष्कळदा नळीच काढावी लागते. आपल्या वडिलांना अकराव्या दिवशी ताप आला, त्यामुळे दुसऱ्या वाटेची शक्यता अधिक वाटते. कागदपत्रे न पाहता यापलीकडे बोलणे योग्य नाही.

हा संसर्ग बऱ्याच अंशी टाळता येतो, हे अमेरिकेतील मिशिगन राज्यात दिसून आले. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील शंभरावर आयसीयूंमध्ये पाच गोष्टींचा आग्रह धरला : हात धुणे, नळी घालताना टोपी, मास्क, निर्जंतुक गाउन व हातमोजे घालून रुग्णाला पूर्ण चादरीने झाकणे, कातडी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर १,००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असणे म्हणजे एक नळी-दिवस) संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आले. यात नवे औषध नव्हते की महागडे यंत्र नव्हते. होता तो एक कागद, ज्यावर प्रत्येक पायरीची नोंद व्हायची, आणि तातडीची वेळ नसेल तर पायरी चुकलेल्या डॉक्टरांना थांबवण्याचा परिचारिकेला दिलेला अधिकार. माझ्या मते आपल्याकडे अवघड जाते ते हेच. क्लोरहेक्सिडीन कुठेही मिळते. पण ‘सर, गाउन राहिला’ असे वरिष्ठांना तोंडावर सांगणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी रुग्णालयाने उभे राहणे, हे क्वचितच दिसते.

नळी घातल्यानंतरची निगाही तितकीच महत्त्वाची. पारदर्शक ड्रेसिंग साधारण सात दिवसांनी आणि कापसाच्या जाळीचे दोन दिवसांनी बदलतात. मात्र ते ओले झाले, मळले किंवा सुटले तर लगेच बदलायला हवे. औषध देण्यापूर्वी नळीचे तोंड जंतुनाशकाने काही सेकंद घासून पुसावे लागते. नुसता बोळा टेकवून भागत नाही.

नातेवाइकांनी भेटीच्या वेळी डॉक्टरांना रोज एकच प्रश्न विचारावा : ‘आज या नळीची गरज आहे का?’ यात अविश्वास नाही. कामाच्या रगाड्यात निरुपयोगी झालेली नळी तशीच राहून जाणे नवीन नाही. नळीला स्वतः हात लावू नये, ड्रेसिंग सुटलेले दिसले तर सिस्टरना सांगावे. नळीतून औषध सोडल्यावर थोड्याच वेळात रुग्णाला थंडी वाजू लागली तर तेही तत्काळ कळवावे. अशा वेळी नळीतून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी रक्त घेऊन कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहण्याच्या तपासणीला, पाठवतात. नळीतील रक्तात जंतूंची वाढ हाताच्या रक्तापेक्षा किमान दोन तास आधी दिसली, तर संसर्गाचे मूळ नळीतच असल्याचे बहुधा मानले जाते.